उइटहॉर्नमधला हयातीचा दाखला

एप्रिलमधल्या एका मंगळवारी सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. हे गेले, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

माझे यजमान अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करत. घर शहराबाहेर, उइटहॉर्न गावात. मार्चमध्ये करोनामुळं ऑफिसं बंद झाली तेव्हा ह्यांनी वरच्या लहान खोलीत टेबल मांडलं. दिवसभर दाराआडून त्यांच्या मीटिंगांचा आवाज खाली यायचा. मी खाली पुस्तक घेऊन बसलेली असायचे. शब्द कळत नसत, पण चढउतार कळत. हे गेल्यानंतरही दुपारी मला तो चढउतार ऐकू यायचा. वाचता वाचता मी थांबायचे. शेजारच्यांचा रेडिओ असेल, असं मी ठरवून टाकलं होतं. शेजारी रेडिओ आहे की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

अंत्यविधीला मोजकी माणसं होती, खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. विमानं बंद असल्यामुळं भारतातून कुणाला येता आलं नाही. सासूबाईंनी सांगलीत बसून फोनच्या पडद्यावर पाहिलं. नंतर इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी दाराशी डबे ठेवले, घंटी वाजवली आणि फुटपाथवर जाऊन हात हलवला. मीही खिडकीतून हात हलवला. काच उघडायची नाही, असंच तेव्हा होतं.

मे महिन्यात सुपरमार्केटमध्ये माझं कार्ड चाललं नाही. दुसऱ्यांदाही नाही. सामान तिथंच ठेवून मी घरी आले आणि बँकेला फोन केला. शाखेचं दार तर कधीचं बंद होतं. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एका मुलीचा आवाज आला. तिनं खात्याचा क्रमांक विचारला, काहीतरी टाइप केलं, आणि मग तिचा आवाज हळू झाला. झाल्या गोष्टीचं फार वाईट वाटलं, असं ती म्हणाली. मी आभार मानले. ह्यांच्याबद्दल बँकेला कळलं असणार, हे मी धरूनच चालले होते.

"आणि तुम्ही मृत बाईंच्या कोण?" तिनं विचारलं.

कुठल्या बाई, असं मी विचारलं. तिनं नाव वाचलं. उच्चार मोडका होता, पण नाव माझं होतं.

"ती मीच," मी म्हटलं.

पलीकडं टाइप करायचं थांबलं. मग तिनं फार अदबीनं सांगितलं, की मृत व्यक्तीच्या खात्याबद्दल तिला फक्त वारसांशी बोलता येतं. मी माझी वारस आहे का, हे तिलाही ठरवता येईना. तिनं माझा निरोप वेगळ्या विभागाला देते म्हणून सांगितलं आणि काळजी घ्या म्हणाली.

हे कसं झालं, ते मला नंतर समजलं. आपल्याकडं बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव येतं, आणि पासपोर्टवर ती दोन्ही एकाच ओळीत असतात. इथल्या नगरपालिकेनं आडनाव सोडून बाकीचं सगळं 'पहिली नावं' म्हणून उतरवून घेतलं. त्यामुळं इथं माझी पहिली नावं दोन झाली, आणि त्यातलं एक पुरुषाचं. त्यात खातं दोघांचं असलं तरी पहिलं नाव माझं होतं. मुख्य खातेदार कोण, असं विचारल्यावर ह्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं होतं. घरातल्या लक्ष्मीचं नाव आधी, एवढंच त्यांचं कारण. पगार ह्यांचा, पहिल्या खातेदाराच्या नावात ह्यांचं नाव, पत्ता आणि आडनाव तेच. बँकेत कुणीतरी गेलेल्या माणसाचं नाव शोधलं, ते पहिल्याच ओळीत सापडलं, आणि त्या ओळीवर खूण केली.

खातं उघडलं तो दिवस मला चांगला आठवतो. टेबलापलीकडच्या बाईंनी मला माझी सगळी पहिली नावं मोठ्यानं सांगायला सांगितली. मी ह्यांच्याकडं पाहिलं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर मी ह्यांचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. माझ्या वयाच्या, शिकलेल्या बाईनं असं वागावं याची ह्यांना गंमत वाटायची. माझ्या मैत्रिणी नवऱ्यांना सरळ नावानं हाक मारत. मला 'अहो'च बरं वाटायचं.

"घ्या नाव, घ्या," हे माझ्या कानाशी म्हणाले, लग्नात आत्याबाया म्हणतात तसं. "ह्या बाई काही उखाणा मागत नाहीयेत."

मी नाव घेतलं. बाईंनी ते न बघता टाइप केलं. परतताना बसमध्ये हे सारखे हसत होते, की वीस वर्षांत आम्ही जे करू शकलो नाही ते बँकेनं दोन मिनिटांत केलं.

त्या फोननंतरचे दिवस नीट सांगणं अवघड आहे. मला राग आला नाही. बँकेचं म्हणणं मला अधूनमधून पटायला लागलं. मी कुणाला भेटत नव्हते. माझ्याशी लोक काचेतून बोलत होते. दाराशी अन्न ठेवून माणसं मागं सरत होती. हे सगळं आपण कुणासाठी करतो, ते मला माहीत होतं. एका दुपारी जिन्यात बसले असताना वाटलं, की मीच गेले असेन, आणि हे वर दार लावून, कानाला हेडफोन लावून, माझ्या कामांसाठी एकेका ऑफिसला फोन करत असतील. त्यांना डच नीट येत नाही, त्यांची फार तारांबळ होत असेल. मी वर गेले नाही. वर गेले असते तर खोली रिकामी दिसली असती.

बँकेच्या त्या वेगळ्या विभागानं कळवलं, की मी जिवंत असल्याचा दाखला नगरपालिकेतून आणावा. असा दाखला इथंही मिळतो हे मला ठाऊक नव्हतं. वेळ ठरवून मी गेले. खिडकीला प्लास्टिकचा पडदा होता. पलीकडच्या माणसानं मला मास्क क्षणभर खाली करायला सांगितला, पासपोर्टकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि कागदावर शिक्का मारला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. बाहेर आल्यावर मी ॲम्स्टेल नदीच्या कडेला बाकावर बसले आणि सासूबाईंना फोन लावला. का लावला ते माहीत नाही. हयातीचा दाखला म्हटलं की मला त्याच आठवतात. सासऱ्यांच्या पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात त्या रिक्षानं बँकेत जातात.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझ्याआधी तुझाच दाखला निघाला म्हणायचा," त्या म्हणाल्या. आणि पुढं, "आम्हां म्हाताऱ्यांनाच विचारतात वाटायचं, अजून आहात का म्हणून."

मी त्यांना पुढचंही सांगितलं. बँकेतल्या एका गृहस्थांशी व्हिडिओवर बोलायचं होतं, आणि त्यांनी आधीच कळवून ठेवलं होतं, की पुन्हा असा घोळ होऊ नये म्हणून त्यांच्याकडं माझं नाव छोटं करता येईल. ह्यांचं नाव वगळून. मी हो म्हटलं तर काम लवकर होईल, असं त्यांच्या बोलण्यातून मला वाटलं होतं. बाकी कशाचं मला काही नव्हतं. पण ते नाव गेलं की मी जिवंत ठरणार आणि हे आणखी एकदा जाणार, हे मनातून हलत नव्हतं.

सासूबाई "काढू नको" म्हणतील, अशी माझी खात्री होती. त्या म्हणाल्या, "काढ की. त्याच्यापायी तुझं परमुलखात अडायला नको. त्यालाही ते आवडायचं नाही."

नदीत बदकं होती. पलीकडच्या काठावरून एक सायकल गेली.

"तिथं तू त्याचं नाव घेतेस?" त्यांनी विचारलं. "लोकांसमोर?"

"फोनवर विचारतात, तेव्हा घ्यावं लागतं."

"मला एकदा घेऊन दाखव," त्या म्हणाल्या. "इथं आता कुणी घेतच नाही. मी असले की सगळे 'तो' म्हणतात. मला वाईट वाटेल म्हणून."

मी माझं नाव सांगितलं, मग ह्यांचं, मग आडनाव, बँकेत सांगते तसं, एकेक शब्द सुटा. फोन चालू होता, सासूबाईंकडच्या पंख्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, जेवलीस का.

व्हिडिओवरचे गृहस्थ स्वतःच्या स्वयंपाकघरात बसले होते. मागं फडताळात कप होते. मी पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरला, मान डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली. त्यांनी बँकेच्या वतीनं माफी मागितली, दोनदा. मग विचारलं, नाव छोटं करायचं ना?

मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं, मला प्रश्न कळला नाही. त्यांनी सावकाश समजावून सांगितलं, की मधलं नाव माझ्या यजमानांचं आहे, आणि ते आता हयात नाहीत.

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "पण नाव माझं आहे."

त्यांनी मान हलवली. तसं असेल तर दोन-तीन आठवडे जास्त लागतील, म्हणाले. चालेल म्हटलं. त्या आठवड्यांत मंडळातल्या एका मैत्रिणीनं सामान आणून दिलं.

आता खातं माझ्या एकटीच्या नावावर आहे. घराचं भाडं त्यातून जातं. वरच्या खोलीत पुस्तकं ठेवली आहेत. बँकेतून कुणी नाव विचारलं की मी पूर्ण सांगते.