माळावरची बावीस घरं

तेहतीस वर्षं मी लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले, आणि स्वतःसाठी घर पसंत करताना मीटर बघायचा विसरलो.

चूक एवढीच. पण तिच्यापायी सांगलीतलं राहतं घर हातचं जाणार होतं, म्हणून सगळं नीट सांगतो.

निवृत्त झाल्यावर सांगली सोडायची, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दर पावसाळ्यात कृष्णेचं पाणी कुठवर आलं ते विचारत बसायचं, सामान माळ्यावर चढवायचं, पुन्हा उतरवायचं. हा व्यायाम म्हातारपणी नको, असं माझं म्हणणं. बायकोचं म्हणणं वेगळं. तिची भिशी सांगलीत, तिची भाजीवाली सांगलीत, आणि समोरच्या दारातली जी बाई तिच्याशी गेली तीस वर्षं रोज भांडते आणि रोज चहाला येते, तीही सांगलीतच.

एकदा पुण्याहून गाडीनं परत येत होतो. शिरवळ मागं पडलं आणि साताऱ्याकडच्या खंडाळ्याच्या अलीकडे माळावर टुमदार बंगल्यांची वसाहत दिसली. दिवेलागणीची वेळ. घराघरात दिवे. दोरीवर कपडे. मी गाडी थांबवायला लावली. आत जाऊन बघतो तर प्रत्येक दारात रांगोळी, तुळशीपुढं उदबत्ती, कुठल्याशा घरातून हरिपाठाचा आवाज. दारावरच्या पाट्या वाचल्या. एक कर्नल, दोन मुख्याध्यापक, एक डॉक्टर. सगळे निवृत्त. आपल्याच वयाची माणसं, म्हटलं, आणखी काय पाहिजे? उंबऱ्यावरून घरातली माणसं मोजता येतात अशी माझी शेखी होती. वायरमन मंडळी माझं कौतुकही करायची. चार दिवसांनी मी परस्पर एका बंगल्याचा विसार देऊन आलो.

बायको भडकली नाही. ती भडकली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "आधी आठ दिवस तिथं राहून बघू. मग इथलं विका."

सांगलीच्या घराला गिऱ्हाईक तयार होतं. त्याला रविवारी उत्तर द्यायचं होतं. बांधकामवाल्यानं नमुन्याच्या बंगल्याची किल्ली दिली आणि आम्ही दोन पिशव्या, एक कुकर घेऊन माळावर उतरलो.

पहिल्या दिवशी कुणी दिसलं नाही. प्रवास करून आलोय, विश्रांती घेऊ देत असतील, असं मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या खिडक्यांचे पडदे उघडलेले, रांगोळ्या ताज्या, पण माणूस नाही. रांगोळी सगळ्या दारांत एकच, पाच पाकळ्यांची. कर्नलच्या दोरीवर निळ्या चौकड्यांचा शर्ट आणि हिरवं लुगडं वाळत होतं. तिसऱ्या दिवशी तोच शर्ट आणि तेच लुगडं डॉक्टरांच्या दोरीवर. चौथ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या.

"शेजारपण चांगलं दिसतंय," मी म्हणालो, "कपडेसुद्धा वाटून घेतात."

बायको आमचे कपडे दोरीवर घालायला गेली.

मग मात्र सवयीनं माझे पाय फाटकाजवळच्या मीटरच्या पेटीकडे वळले. मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकत असतो. घरात फ्रिज, मिक्सर, गिझर चालू असला की तो भराभर लुकलुकतो. मी कर्नलच्या मीटरपुढं उभा राहिलो. ठिपका लागला. विझला. मी वाट बघत राहिलो. इतका वेळ गेला की मीटर बंदच पडला असं वाटलं. आणि पुन्हा लागला. पुढच्या घरी तसंच. त्याच्या पुढच्या घरी तसंच. झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाच्या उशाशी बसल्यासारखा मी एकेका पेटीपुढं थांबत गेलो. एकवीस घरं, सगळी त्याच संथ तालात. फक्त आमच्या घरचा ठिपका घाबराघुबरा होऊन पळत होता.

डॉक्टरांच्या पेटीचं झाकण मी उघडायला गेलो, तेवढ्यात रिकाम्या पडवीतून आवाज आला, "काका, मीटरला हात लावू नका."

मी मागं बघितलं. कुणी नाही. झोपाळा तेवढा हलत होता.

"कोण आपण?" मी विचारलं.

"घरमालक. वर बघा, कॅमेरा आहे."

"बरं बरं. डॉक्टरसाहेब, आत आहात होय? या की बाहेर, भेटू."

"मी कॅनडात आहे, काका. बाबांचं घर आहे ते. बाबाही माझ्याकडेच असतात." मग आवाजानं अगदी आपुलकीनं विचारलं, "तिथं राहायला कसं वाटतं हो? तुम्ही पहिलेच."

मी तिथून जो निघालो तो थेट राखणदाराच्या खोलीशी. राखणदार आणि त्याची बायको, दोघंच तिथले खरे रहिवासी. तो विळा परजत बसला होता.

"इथं माणसं कधी येतात?" मी विचारलं.

"कवा तरी येतील की. समदे एकमेकांची वाट बघत्यात. बाकीचे आले का आमी येतो म्हणत्यात."

"आणि दिवे?"

"त्यास्नी घड्याळ लावलंय. आपोआप लागत्यात. हरिपाठ बी तसाच." तो विळ्याची धार अंगठ्यानं बघत म्हणाला, "हायवेला घर हाय. बंद दिसलं की चोर आलाच. म्हून आमची मंडळी रांगोळी काढती, कापडं फिरवती. घर वसल्यालं दिसलं पायजे, एवढंच काम."

"चोर फसतात?"

"चोर अजून आला न्हाई. तुमी आला."

हे मी बायकोला सांगितलं नाही. रविवार दोन दिवसांवर आला होता आणि माझी अक्कल किती, हे तिला कळू द्यायला मला धीर होत नव्हता. सांगलीचं गिऱ्हाईक फोनवर फोन करत होतं. हो म्हणून टाकावं, माणसं काय आज ना उद्या येतीलच, इथवर मी स्वतःला पटवत आणलं होतं.

शनिवारी सकाळी शिरवळहून दूध घेऊन परत आलो. मागच्या वाटेनं येताना कर्नलच्या अंगणाशी बायको दिसली. कुंपणापाशी उभी राहून ती कुणाशी तरी बोलत होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, लांबचं धूसर दिसतं. चला, कुणी तरी आलं म्हणायचं, या आनंदात मी पुढं झालो आणि जागीच थांबलो.

कर्नलच्या पडवीत मी उभा होतो.

पाठमोरा. माझा तपकिरी रेघांचा शर्ट, खाली माझाच पायजमा, खांबाला जरासा टेकलेला. राखणदाराच्या बायकोनं आमच्या दोरीवरून ते दोन्ही उचलून तिथं हँगरला अडकवले होते, हे मला नंतर कळलं. तिच्याकडचे कपडे उन्हानं विटले होते. पण त्या घडीला, खरं सांगतो, हातातली पिशवी घट्ट धरून मी आधी माझी छाती चाचपली. अंगात बनियन आणि वर स्वेटर होता, तरी.

"मी रागावलेली नाही," बायको त्याला सांगत होती. "पण ऐका. आठवडाभर मी तुमच्याशिवाय कुणाचा आवाज ऐकला नाही. काल मी न्हाणीत घसरले. लागलं नाही. पण खाली बसून विचार केला, तुमच्याआधी मी गेले किंवा माझ्याआधी तुम्ही, तर मागं राहिलेल्याचं काय? मेलं तरी इथं दारात रांगोळी पडतच राहील हो. दिवाही लागेल. कुणाला कळेल? सांगलीचं घर विकू नका. मला पाण्याची भीती नाही. विकणार नाही म्हणा."

माळावरून वारं आलं. शर्टाची उजवी बाही सावकाश वर उठली, जराशी थबकली, आणि खाली आली.

"बरं," बायको म्हणाली. पदरानं डोळे पुसून ती घराकडे वळली. "या मग. चहा टाकते."

ती आत जाईपर्यंत मी हललो नाही. पडवीतला तोही हलला नाही. आमच्यापैकी कुणी जायचं, हे जणू ठरत नव्हतं. शेवटी मी लांबूनच वळसा घातला, त्याच्याकडे पाठ न करता, आणि चालता चालता सांगलीला फोन करून घर विकायचं नाही म्हणून सांगितलं. चहा पिताना बायको दोनदा म्हणाली, "तुम्ही इतकं निमूट ऐकून घ्याल असं वाटलं नव्हतं." मीही निमूटच राहिलो. ती हे वाचेल तेव्हा बघू.

विसार बुडाला. रविवारी सकाळी रिक्षा बोलावली आणि राखणदाराला किल्ली द्यायला गेलो. माझ्यामुळं त्याला वाईट वाटत असेल, म्हणून त्याचा खांदा थोपटत म्हटलं, "जातो बाबा. तुला तेवढीच सोबत होती आमची."

"कसली सोबत, साहेब?" तो किल्ली खिळ्याला अडकवत म्हणाला. "बावीस घरं सांभाळतो, एका घराचा तरास न्हाई. तुमीच तेवढे आठ दिस डोकं खाल्लंत."