दारातून न हटलेली शीतल

मंगळवारी आमच्या मुलुंडच्या हॉस्पिटलमध्ये एका नर्सला माफी मागायला बोलावलं होतं. तिने मागितली नाही... आणि मला त्याचा इतका आनंद झालाय की इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी आयसीयूत डॉक्टर आहे. पेशंटचं हृदय थांबलं की आमच्याकडे स्पीकरवर ‘कोड ब्लू’ पुकारतात आणि मग जो तो धावत सुटतो. फिजिओ येतो, लॅबवाला येतो, एकदा तर अकाउंट्समधले काका चष्मा हातात घेऊन आले होते. रस्त्यात कुणी चक्कर येऊन पडलं की आपण पंधरा जण गोळा होतो ना, एक पाणी शिंपडतो, एक कांदा हुंगवतो... अगदी तसंच. मन चांगलंच असतं सगळ्यांचं.

पण पेशंटला टीबी असेल, जोरदार फ्लू असेल, तर छाती दाबताना आणि घशात नळी घालताना त्याच्या फुफ्फुसातलं सगळं खोलीभर पसरतं. आणि अशा खोलीत आमची माणसं उघड्या नाकाने घुसायची. मास्क घालत बसलं तर म्हणे पेशंट जाईल.

एका टीबीच्या पेशंटच्या कोड ब्लूला शीतल अशीच घुसली होती. ती आमच्या आयसीयूतली सिस्टर, राहायला नाहूरला. त्या कोडनंतर काही महिन्यांनी तिला खोकला सुरू झाला आणि साध्या औषधांना दाद न देणारा टीबी निघाला. कुठून आला हे छातीठोकपणे कुणी सांगणार नाही... पण आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मुलगी लहान होती, तिला आजोळी पाठवलं. औषधांनी हिच्या कानात आवाज यायचे, पोटात अन्न टिकायचं नाही.

ती बरी होऊन कामावर आली त्या दिवशी मी ठरवलं, बास झालं. आता प्रत्येक शिफ्ट सुरू होतानाच टीम ठरते. आत फक्त चार जण... एक नळी घालायला, दोघं आळीपाळीने छाती दाबायला, एक औषधं आणि शॉक द्यायला. मास्क, गाऊन, शील्ड दाराबाहेरच टांगलेले असतात. आणि पाचवा माणूस दारात. त्याने आतल्यांना कपडे चढवायला मदत करायची, लागेल ते पुरवायचं आणि बाकी कोणालाही आत सोडायचं नाही. कोणालाही म्हणजे कोणालाही.

दुपारी स्ट्रेचरवर उशी ठेवून आम्ही याची प्रॅक्टिस करायचो, तेव्हा लोक येता-जाता हसायचे. एकाने विचारलं, मॅडम, प्रयोगाचं तिकीट कितीला? दारातल्या शीतलला तर बाउन्सरच म्हणायला लागले. हसा म्हटलं... आमचे हात तोवर गाऊनच्या नाड्या न बघता बांधायला शिकले होते.

गेल्या महिन्यात टीबीच्या खोलीतल्या एका काकांचं हृदय थांबलं. भांडुपला रिक्षा चालवायचे, बोलके होते. त्या दिवशी नळी घालायला मी होते, दारात शीतल. आम्ही चौघं आत गेलो, दार लागलं आणि काम सुरू झालं.

तेवढ्यात आमचे एक मोठे सर्जन धावत आले. साधा मास्क, तोही हनुवटीवर. काचेतून मला फक्त शीतलची पाठ दिसत होती आणि तिच्यासमोर हातवारे करणारे सर. बाजूला हो, असं ते ओरडले हे आत आम्हालाही ऐकू आलं. शीतल हलली नाही. काकांचं हृदय परत सुरू झालं तोवर सर तणतणत निघून गेले होते.

काही दिवसांनी काका गेले. फुफ्फुसंच उरली नव्हती. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण कॅन्टीनमध्ये कुजबुज सुरू झाली की सरांना आत सोडलं असतं तर वाचले असते... साफ खोटं आहे हे. आत लागणारी सगळी माणसं होती, सगळी औषधं होती. सर आत येऊन फक्त टीबीच घेऊन गेले असते.

तरी त्यांनी तक्रार केलीच. नर्सने डॉक्टरला अडवलंच कसं? तिने सगळ्यांसमोर माफी मागावी, नाहीतर आयसीयूतून बदली.

मंगळवारी मी पदर खोचूनच मीटिंगला गेले होते. तिला दारात मी उभं केलंय, हटवायचं तर मला हटवा, असं सगळं घोकून ठेवलेलं. मी तोंड उघडणार तोच शीतलने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "थांबा मॅडम, मी बोलते ना."

मग सरांकडे बघून, आवाज जराही न चढवता ती म्हणाली, "सर, मागे मी धावत आत गेले तेव्हा तुम्ही सगळ्यांनी माझी पाठ थोपटली होती. नंतरची औषधं मात्र मी एकटीने खाल्ली. मी माफी नाही मागणार."

सर टेबलावरच्या पेनाशी खेळत बसले. शेवटी मॅनेजमेंटवाले विचार करून कळवू, एवढं म्हणाले आणि मीटिंग संपली. अजून काही कळवलेलं नाही. कळवतील ते कळवू देत... बदलीचा कागद आला तर तिच्याबरोबर माझाही राजीनामा जाईल, हे मी तिथेच सांगून आलेय. आमची उशीवरची प्रॅक्टिसही चालूच आहे.

आज सकाळी टीम ठरवताना दारात कोण, असं विचारलं तर शीतलनेच हात वर केला. उद्या त्या बेडवर माझी आई असेल आणि मीच वेड्यासारखी, मास्कबिस्क विसरून धावत येईन... तेव्हा मला अडवायला दारात हीच हवी. थँक यू गं, शीतल.