बेन्नोचा पांढरा पट्टा

उत्तर जर्मनीतल्या हुसुम गावात त्या बेकरीच्या दारावर कुत्र्याचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'आम्ही बाहेरच थांबतो.' गेशे ब्रोडरसननं ते चित्र कधी पाहिलं नव्हतं. तिची नजर चाळिशीतच गेली, बेकरी त्यानंतर उघडलेली. तिच्या कुत्र्याला, बेन्नोला, ते लागू नव्हतं. त्याच्या पाठीवर वाटाड्या कुत्र्याचा पांढरा पट्टा असे आणि पट्ट्याची ताठ मूठ गेशेच्या डाव्या हातात.

नऊ वर्षं दोघं रोज सकाळी आठला रांगेत उभी राहत. "काय बेन्नोराव, आज काय घ्यायचं?" काउंटरमागची टेल्झे विचारी. रांगेतले लोकही त्याची तब्येत विचारत, त्याच्याशी हवेबद्दल बोलत. उत्तरं गेशे देई. कचेरीत फोन जोडून देण्याचं काम सुटल्यापासून दिवसभरात एवढंच बोलणं तिच्या वाट्याला येई, आणि तेही कुत्र्याच्या नावानं येतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मार्चमध्ये वाटाड्या कुत्र्यांच्या प्रशिक्षण केंद्राचा माणूस बेन्नोला तपासून गेला. "उजवा डोळा गेलाय, डावाही चाललाय. हवं तर घरी ठेवा त्याला, पण काम बंद. पट्टा परत पाठवा."

"सोमवारी पाठवते," गेशे म्हणाली. तो सोमवार गेला, पुढचाही गेला. पट्टा रोज बेन्नोच्या पाठीवर चढत राहिला.

मग एका शनिवारी बेकरीत शिरताना बेन्नो वळलाच नाही. गेशे पावांच्या मांडणीवर आदळली आणि अख्खा ट्रे खाली आला.

"खाण्याच्या दुकानात कुत्रं आणायचंच कशाला?" एक बाई करवादली.

"वाटाड्या कुत्र्याला मुभा असते," गेशे म्हणाली.

"वाटाड्या? यालाच कुणीतरी वाट दाखवा आधी!"

दोघंतिघं हसली. गेशे टेल्झेच्या आवाजाची वाट पाहत राहिली. आजवर अशा वेळी टेल्झेच तावातावानं भांडायची. ती काउंटरमागून आली, वाकून पाव गोळा करू लागली आणि हलकेच म्हणाली, "गेशे, त्याच्या तोंडासमोर हात धरला मी. दिसला नाही गं त्याला."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

 सोमवारी पट्टा पोस्टानं गेला.

पुढच्या शनिवारी तिनं बेन्नोला साध्या दोरीनं बाहेरच्या कडीला बांधलं आणि काठी टेकत ती आत गेली. तो कण्हू लागला. असं मागे राहायची त्याला सवय नव्हती.

"मोईन," तिनं सगळ्यांना अभिवादन केलं. एकदोघं पुटपुटले. पावलं बाजूला सरकली आणि तिच्याभोवती जागा मोकळी झाली. पुढे किती माणसं आहेत, कुणी सांगेना.

"पुढे कोण?" टेल्झेनं विचारलं. कुणीच बोललं नाही, तेव्हा गेशे म्हणाली, "अर्धा राईचा पाव."

टेल्झेनं पिशवीत एक कडेचा तुकडा जास्तीचा टाकला. "हा त्याला. बाहेर गेल्यावर दे हं."

गेशे दाराकडे वळली. कण्हणं थांबलं होतं. बाहेर कुणीतरी बेन्नोशी हवेबद्दल बोलत होतं.