बाटलीवरचं नाव

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. घरात नाही, देवाजवळही नाही. त्याच्यासमोर हात जोडते आणि भलतंच काहीतरी मागून उठते. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तर तुम्हाला सांगतेय.

गजू माझा धाकटा भाऊ. त्याच्या किडन्या गेल्या तेव्हा मी माझी एक दिली. त्यात एवढं काय? पण आमच्या गावात, भातकुलीत, मी एकदम देवीच झाले, बाप्पा! बाया रस्त्यात पाया पडायच्या. आणि खरं सांगू — मला ते आवडायचं. नवरा वारल्यावर माहेरी परत आलेल्या बाईला एरवी विचारतं कोण? गजूवर तर मी राज्यच केलं. जेवायला कुरकुरला की म्हणायचे, "माही किडनी हाये तुह्या पोटात, गुमान ऐक." तो हसायचा आणि ऐकायचा.

डॉक्टरांनी बजावलं होतं — किडनी टिकावी म्हणून ज्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी अंगातली रोगाशी लढायची ताकद कमी होते. मातीत हात घालायचा नाही. साधा ताप आला तरी थेट अकोल्याला यायचं, मनानं एकही गोळी घ्यायची नाही.

गजूला ताप आला तो नेमका दसऱ्याच्या तोंडावर. आमच्या शेतात झेंडू भरात, तोडणी सुरू, आणि गजू नको नको म्हणताना वाफ्यात बसलेला. अकोल्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस. तोडणीत दिवस कुठून आणायचा? आमच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या त्यात टाकायच्या, ही घरची रीतच. त्यातलं अँटिबायोटिकचं पाकीट मी काढलं. दोन दिवस दिल्या, ताप उतरला, बंद केल्या. पुन्हा चढला, पुन्हा दिल्या. असं तीनदा. "सुनंदाले सांगू नको, उगाच घाबरते," मी त्याला म्हटलं. सुनंदा म्हणजे त्याची बायको. दसरा झाला आणि गजूला दम लागायला लागला.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आधी कोणतं अँटिबायोटिक दिलं? सुनंदाच बोलली, "ताई हायेत न सर, त्यायच्या हातून चूक नाई होत." मी गजूचं पांघरूण सारखं करत राहिले. मग त्यांनी गजूलाच विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"काहीच नाई घेतलं सर."

कळलं ना तुम्हाला? माझी अब्रू झाकली त्यानं. आणि मी झाकू दिली.

नर्सनं सलाईनमध्ये टाकायला औषधाची बाटली आणली. मी नाव वाचलं. पाकिटावरचंच! जे तीनदा देऊन भागलं नव्हतं, तेच आता शिरेतून. बोलावं? पण सुनंदा शेजारीच. उद्या बोलू. उद्या तर आणखी अवघड — काल काहून नाही सांगतलं, असं विचारतील. परवा त्याहून अवघड. उठून जाता येईना, बसवेना. चार दिवस मी त्या स्टुलावर बसून थेंब पडताना पाहिले.

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. मातीतला कुठलासा जंतू, धडधाकट माणसाच्या वाटेला सहसा न जाणारा. त्या औषधाला तो जुमानतच नव्हता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून पुन्हा विचारलं, खरंच आधी काही दिलं नव्हतं? मी मान हलवली. नाही.

औषध बदललं. तोवर गजूच्या तोंडात नळी होती, त्याला बोलता येत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात तो गेला.

तेराव्याला सगळे म्हणाले, बहीण असावी तर अशी. आजही सुनंदा चहाचा पहिला कप मला देते. लेकीला सांगते, आत्यासारखी हो. मी तो चहा पिते.

गोळ्या दिल्या तो अडाणीपणा होता, असं म्हणून मला सोडवू नका. मी बारावीपर्यंत शिकले आहे. बाटलीवरचं नाव मला वाचता येत होतं.