गच्चीवरची माझी ओळ

आतोबांचा फोन आला तेव्हा मी चेन्नईच्या सिरुसेरीहून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होते. "आत्या गेली," ते म्हणाले. मग, "आज झाडांना पाणी घालायचं राहिलं गं..." मी फक्त "येते" म्हटलं. शेजारच्या मुलीला कळू नये म्हणून तांबरम येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. याला पाच आठवडे झाले.

दोघांना मूल नव्हतं. कॉलेजपासून मी त्यांच्याकडेच राहते. डिसेंबरात इथला पाऊस ओसरला की आत्या गच्चीवरच्या झाडांच्या पिशव्यांमधली चिंब माती उपसून वाळत घालायची आणि पुढच्या हंगामाचा नकाशा काढायला बसायची. त्यासाठी रोज फाडायच्या कॅलेंडरची पानं ती जपून ठेवी. मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा... भेंडी, गवार, वांगी. टाकीजवळची, चांगल्या उन्हाची ओळ मात्र माझी. तिथे काय लावायचं ते मी सांगायचं. मी दर वर्षी म्हणायचे, "काहीही चालेल."

"काहीही? ऐसं नावाचं बी कुठल्या दुकानात मिळतं, कण्णा?" आमच्या तंजावरी मराठीत, तमिळ लाडाचं 'कण्णा' जोडून, ती चिडवायची. "उद्या नवराही काहीही चालेल म्हणशील!" आणि टोमॅटो लावून टाकायची. मी इंग्रजी शाळेत वाढलेली, मराठीत उत्तर देताना अडखळायचे, हे खरं. पण कुठल्याही भाषेत मला काही मागणं जमत नसे.

या वेळी नकाशा तिने अंथरुणातून सांगितला आणि मी लिहिला. श्वास पुरत नव्हता. दोन भाज्यांच्या मध्ये ती थांबायची. "आणि तुझी ओळ?" मी कामावरून दमून आले होते. "काहीही, आत्या." तिने चिडवलं नाही. "मग रिकामी ठेव," म्हणाली आणि डोळे मिटले. राग आला होता की नुसती थकली होती, मी विचारलं नाही. चार दिवसांनी तो फोन आला.

परवा आतोबांनी तो कागद माझ्यापुढे धरला. बाकी सगळं त्यांनी पेरलं होतं. "इथं काय? टोमॅटोच टाकू?"

"पडवळ." तिच्या हातचं पडवळाचं कूट्टू, डाळ-खोबरं घातलेली ती भाजी, मला फार आवडायचं. तिला कधी सांगितलं नव्हतं.

"मांडव लागेल त्याला. होईल का आपल्यानं?"

"रविवारी बांधू."

बी शोधताना आत्याच्या बियांच्या डब्याच्या तळाशी दोरा बांधलेले खडे सापडले. पडवळ सरळ वाढावं म्हणून ती ते टोकाला लटकवायची. पडवळ धरायला अजून दोन महिने आहेत. खडे मी पुसून परत ठेवले. दोरे मळलेत, पण गाठी तिच्या आहेत. त्या सोडल्या नाहीत.