ग्रहणात चिरलेला भोपळा

बालाजी घाटाच्या उंच पायऱ्या छोटी दीदी पाठमोरी उतरत असे. एकेका पायरीला हात टेकवून, ओल्या दगडाचा गारवा तळव्यावर घेत. उंची आठ वर्षांच्या मुलीइतकी, हातपाय आखूड, कपाळ मात्र भव्य. कुणी टक लावून पाहिले की ती बनारसी ठसक्यात विचारी, "का भइया, नाप लेबा का?"

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ होती. अंबाड्यात मोगरा, पदराला स्पिरिटचा वास. सूक्ष्मदर्शकापर्यंत पोहोचायला तिने घरचा जेवणाचा पाट तिथे नेऊन ठेवला होता. "माझं पोट त्याच्यावरच भरतं," म्हणे.

घरी ती आणि तिची आई, माई. दीदी पोटात असताना माईंनी सूर्यग्रहणात भोपळा चिरला होता. लेकीचे हातपाय त्यामुळेच खुंटले, हे सासरच्यांनी त्यांच्या मनावर कोरले होते. तेव्हापासून प्रत्येक ग्रहणात, ते सुटेपर्यंत, त्या गंगेत उभ्या राहत. गल्लीतल्या गर्भवतींना बजावत, "हलू नकोस गं. माझ्या घरात बघ."

चौऱ्याण्णव साली एका दुपारी दीदी एका शोधनिबंधाची झेरॉक्स घेऊन धापा टाकत आली. मी, शेजारची नवी सून, माईंबरोबर मटार सोलत होते.

"माई, सापडलं! एफजीएफआर-थ्री नावाचं जनुक. हाडं वाढताना पेशींना 'आता पुरे' असा निरोप द्यायचं त्याचं काम. माझ्यातलं गप्पच बसत नाही. जन्मभर आपलं पुरे, पुरे!"

"माझ्याकडून आलं?"

"तुझ्यात नाही, बाबांतही नव्हतं. हा बदल माझ्यापासूनच सुरू झाला. बहुतेकांचं असंच असतं."

माई कागदावरून हात फिरवत राहिल्या. मटारांचा हिरवा वास बोटांना होता.

"आणि तो भोपळा?"

"त्याची भाजी झाली, माई."

माई हसल्या नाहीत. उठून दूध बघायला गेल्या. दीदीने पुन्हा विषय काढला नाही. मला एवढेच म्हणाली, "चाळीस वर्षं मुरलंय. वेळ लागणारच."

पुढल्या वर्षी दिवाळीतच सूर्यग्रहण आले. मला सातवा महिना होता. सासूबाईंनी खिडक्यांना चादरी लावल्या, मला चटईवर सरळ निजवले आणि कूस बदलायची नाही असे बजावून त्या घाटावर गेल्या. काळोखात स्नानाचा कल्लोळ तेवढा ऐकू येत होता. पाठीत कळ भरली होती.

दार ढकलून माई आल्या. लुगडे कोरडे होते. उशाशी बसून त्यांनी माझ्या खांद्याखाली हात घातला.

"वळ, पोरी. हो कुशीवर. काही होत नाही. माझ्या मुलीनं वाचलंय."