कागदाची मागची बाजू

बाबा मस्कतहून कायमचे परत आले आणि आमच्या रत्नागिरीच्या घराचं गोदाम झालं. तिकडे ते एका कंपनीत स्टोअरकीपर होते. हाताखालची माणसं तिकडेच राहिली, म्हणून इथे हुकूम सोडायला आम्ही सापडलो. आल्या आल्या त्यांनी एक लोखंडी कपाट घेतलं आणि घरातला प्रत्येक कागद त्यात कोंबला. वीजबिलांची निळी फाईल, घरपट्टीची हिरवी, कलमांच्या बागेच्या सातबाऱ्याची लाल. शिवाय माणशी एक फाईल, वर ठळक अक्षरांत नाव. आईची सगळ्यांत बारीक होती. तिच्यात आधार कार्डाची झेरॉक्स आणि एक जुना एक्स-रे, एवढाच तिचा जन्म. किल्ली बाबांच्या बनियनच्या खिशात असे. कागद हवा असेल तर त्यांच्यासमोर उभं राहून कशाला हवा ते सांगायचं.

कौतुक मात्र गावभर होतं. कुणाचा दाखला हरवला की लोक आपल्या पोरांना आमचं कपाट दाखवायला आणत. मलाही अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडे पावसाळ्यात कागद टिकत नाही. बुरशी धरते, कसर लागते, आणि एखादं वर्ष दुर्लक्ष झालं की वाळवी अख्खी फाईल खाऊन वर माती ठेवून जाते. त्यामुळे लॅमिनेशनचं वेड सगळ्यांनाच. आमच्या शेजाऱ्याने लग्नपत्रिकासुद्धा लॅमिनेट केली होती. बायको माहेरी निघून गेली, पत्रिका अजून नवी कोरी आहे. बाबांनीही माझे दहावी-बारावीचे दाखले, जन्मदाखला, सगळं एकेक करून प्लास्टिकमध्ये घातलं. नर्सिंगचा डिप्लोमा हातात आला त्याच संध्याकाळी ते तो घेऊन बाजारात गेले. "आता जन्मभर भिजायचा नाय," म्हणाले.

मी इथल्याच एका खासगी दवाखान्यात लागले. रात्रपाळ्या करून करून कंटाळले आणि घरात न सांगता मस्कतच्या एका हॉस्पिटलसाठी मुलाखत दिली. निवड झाली. त्या दिवशी मी बाजारातून सुरमई आणली, आईला सांगितलं आणि मग बाबांना. बाबा ताटावरून मान वर न करता म्हणाले, "बघू." मला जायचंच होतं. बाबांच्या समोर उभं राहून आयुष्य मागण्याचा मला वीट आला होता.

मुंबईच्या एजंटने माझा डिप्लोमा हातात घेतला आणि पहिल्यांदा उलटा केला. पुढची बाजू त्याने नंतर बघितली. "शिक्के कुठे मारायचे?" म्हणाला. परदेशी जायचं तर मूळ कागदाच्या पाठीवर सरकारचे आणि वकिलातीचे शिक्के लागतात, आणि प्लास्टिकवर शिक्का कोणी मारत नाही. दाखला उघडा आणा नाहीतर नवीन काढा, असं सांगून त्याने मला परत पाठवलं.

घरी आले तर बाबांनी इस्त्री गरम केली. कागदावर फडकं ठेवून फिरवली आणि ब्लेडने कडेपासून प्लास्टिक सोलायला घेतलं. माझं अर्धं नाव प्लास्टिकबरोबर निघून आलं, शिक्का तर सगळाच. तेलही गेलं, तूपही गेलं. मी रडायला लागले. आई मलाच म्हणाली, "त्यांनी काय मुद्दाम केलानी गो? तुझ्याच काळजीपोटी ना!" शेजारपाजारचेही येऊन बाबांचंच सांत्वन करून गेले. बिचाऱ्याने एवढं जपलं आणि पोरगी रडतेय.

मी विचारलं, "दादाचे कागद कसे उघडे आहेत?" माझा भाऊ दुबईला आहे. त्याचे दाखले बाबांनी नुसते पारदर्शक पाकिटांत घालून ठेवले होते. बाबा म्हणाले, "त्याच्या वेळी जवळ मशीन नव्हती." मी विश्वास ठेवला. बापावर ठेवायचाच असतो म्हणून ठेवला.

खराब प्रत नर्सिंगच्या बोर्डात जमा करून मी दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज केला. मस्कतवाले थांबायला तयार झाले. महिने गेले. प्रत पोस्टाने आली तेव्हा मी ड्युटीवर होते. आईने फोन केला, मी हातमोजे काढून दवाखान्याच्या मागच्या जिन्यावर जाऊन थोडी नाचलेसुद्धा.

घरी पोचले तेव्हा कपाट उघडं होतं आणि बाबा माझ्या फाईलमध्ये डिप्लोमा लावत होते. चकचकीत, कडक, अजून कोमट. दोन्ही बाजूंनी बंद.

मस्कतला वीस वर्षं काढलेल्या माणसाला कागदाच्या पाठीवर काय लागतं ते मी काय सांगणार? त्यांच्या स्वतःच्या दाखल्यावर मागे शिक्क्यांची गर्दी होती, ती मला तेव्हा आठवली.

"बाबा, का?"

"आम्हाला म्हातारपणी बघायला कोण हाय? तो पोरगा तर गेला. नर्सिंग उगाच शिकवलं काय तुला?" त्यांनी फाईल जागेवर सरकवली आणि कपाटाला किल्ली लावली. आई मासे साफ करत होती. तिने हातातली सुरी थांबवली नाही, म्हणजे तिलाही ठाऊक होतं. तिसरी प्रत मागायला गेले, तर बोर्डातले लोक आधीच्या दोन्ही प्रती कशा खराब झाल्या ते लिहून द्या म्हणाले. तोवर माझी जागा केरळच्या एका मुलीला गेली.

आता बाबांची डावी बाजू गेली आहे. त्यांना हवं होतं ते मिळालं, घरातच नर्स. मी त्यांचं सगळं करते, आणि उत्तम करते. पाठीला एक जखम होऊ दिलेली नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही नवल वाटतं. मात्र त्यांच्यावर माझी माया उरलेली नाही, आणि ती मी उसनी आणतही नाही.

ते रोज विचारतात, "दादा कधी येतोय गो?"

दादाने मे महिन्यात रजा काढली आहे, तिकीटही पाठवलंय, ते माझ्या मोबाईलवर आहे. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं. म्हणून मी वाकते, तोंड त्यांच्या कानाशी नेते आणि एकेक शब्द सुटा करून सांगते, "तो येणार नाही."